जावक क्रमांक एक्केचाळीस

आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर गेलंच पाहिजे, या एका तत्त्वापायी मी माझ्या मुलीची कंपनी बुडवली. कंपनी तशीही बुडतच होती, असं आमची ही म्हणते. पण ती माझी समजूत काढायला म्हणते, आणि पाणीपुरवठा कार्यालयाच्या आवक-जावक शाखेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाची समजूत नुसती तोंडी निघत नाही.

मुलीला आम्ही घरात भिंगरी म्हणतो. लहानपणी एका जागी बसेल तर शपथ. चोविसाव्या वर्षी तिनं आणि कॉलेजपासूनचा तिचा मित्र लांबू यानं आमच्या पुढच्या खोलीत कंपनी काढली. लांबू इतका उंच आहे की आमच्या खोलीतल्या लोंबत्या दिव्याखालून जाताना त्याला दरवेळी वाकावं लागतं. समोर नेमका मी बसलेला असायचो, त्यामुळे सहा महिने मी ते चांगले संस्कार समजत होतो.

कंपनीचा माल म्हणजे एक चकती. बशीएवढी, पांढरी, किटलीखाली ठेवायची. गावात एकटे राहिलेले आईवडील सकाळी चहाला उठले, त्यांनी चकतीवरून किटली उचलली, की दूर राहणाऱ्या मुलाच्या फोनवर एकच शब्द जायचा: ‘उठले’. म्हणजे आजचा दिवस ठीक आहे, काळजी नसावी. मला ही कल्पना मनापासून आवडली. एवढंच सांगायला आमच्या कार्यालयाला दोन पानं आणि तीन सह्या लागल्या असत्या.

कंपनीची नोंदणी करायला मी बरोबर गेलो होतो. कार्यालय म्हटलं की मला माहेरी आल्यासारखं वाटतं. भिंगरीनं अर्जात नाव लिहिलं होतं, ‘उठलात का?’ खिडकीतल्या कारकुनानं चष्मा कपाळावर सरकवला.

“नावात प्रश्नचिन्ह चालत नाही.”

“का?” भिंगरीनं विचारलं.

“कंपनीनं प्रश्न विचारायचा नसतो, मॅडम. उत्तर द्यायचं असतं.”

मला ते तंतोतंत पटलं. नाव ‘उठले’ असं ठरलं. मग त्यानं जागेचा पुरावा मागितला, पुराव्याचा पुरावा मागितला, दारावरच्या पाटीचा फोटो मागितला, आणि इमारतीतल्या सगळ्यांचं ना-हरकत पत्र मागितलं. आमच्या वरच्या मजल्यावर विमावाले राहतात. त्यांनी लिहून दिलं, “हरकत नाही, पण आश्चर्य आहे.” कारकुनानं ते पत्र दोनदा परत पाठवलं, कारण आश्चर्यासाठी त्याच्याकडे रकाना नव्हता.

पहिली चाचणी आमच्याच इमारतीत झाली. दहा घरांत दहा चकत्या. तळमजल्यावरच्या मुख्याध्यापिकाबाई निवृत्त झाल्यापासून दिवसातून चौदा वेळा गरम पाणी पितात, ही गोष्ट आम्हाला कुणीच सांगितली नव्हती. त्यांच्या मुलाला पहिल्याच दिवशी चौदा वेळा ‘उठले’ गेलं. सहाव्या वेळेला त्यानं घाबरून फोन केला, “आई, तू सारखी सारखी पडतेस का गं?” बाईंनी आयुष्यभर मुलांना उठाबशा काढायला लावल्या, आता त्यांच्याच उठण्याचा हिशोब कुणीतरी ठेवतंय, हे त्यांना अजिबात सहन झालं नाही. चकती त्यांनी कुंडीखाली ठेवून दिली.

विमावाल्यांचं प्रकरण जरा वाढलं. ते कुणालाही न सांगता तीन दिवस भावाकडे गेले. तीन सकाळी त्यांची किटली हलली नाही. त्यांच्या मुलानं तिकडून फोनवर फोन केले, आणि शेवटी अग्निशमन दलाला कळवलं. विमावाले पिशवी घेऊन जिना चढून आले तेव्हा त्यांचं दार जमिनीवर आडवं होतं, आणि चार जवान स्वयंपाकघरात किटलीभोवती उभे राहून विचार करत होते. काहीही, केव्हाही, कुणालाही होऊ शकतं, हे जन्मभर लोकांना पटवून देणारा माणूस स्वतःच्या उंबऱ्यावर उभा राहून म्हणाला, “पण हे झालं कसं?” दाराचा विमा मात्र नव्हता. सुताराला मीच बोलावलं, आणि नवं दार उलट्या बाजूला उघडतं ही तक्रार आजतागायत मीच ऐकतो.

तरी तोवर घरात हसणं होतं. भिंगरी त्या चार जवानांची नक्कल करायची, लांबू हसता हसता दिव्यावर डोकं आपटायचा.

मग नकार यायला लागले.

पैसे गुंतवणाऱ्या मंडळींना दोघं अर्ज पाठवत होती. पहिला नकार आला तेव्हा भिंगरीनंच मला समजावलं, “बाबा, सुरुवातीला सगळ्यांना नकारच येतात. त्यातनं शिकायचं असतं.” पाचव्यापर्यंत ती हे सांगत होती. बाराव्याला सांगायची थांबली. आणि मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की ती खिडकीजवळच्या खुर्चीत सकाळपासून बसलीये आणि एकदाही उठलेली नाही. माझी मुलगी एका जागी बसायला लागली होती. चोवीस वर्षं “अगं, जरा एका जागी बस” म्हणून ओरडलो, पण ते असं खरं व्हायला नको होतं.

दुपारी दोनच्या सुमाराला ती न्हाणीघरात जायची आणि नळ सोडायची. अर्धा तास नळ चालायचा. बाहेर येताना केस कोरडे, टॉवेल कोरडा. पाणीपुरवठ्यात जन्म घालवलेल्या माणसाला नळ कशासाठी चालू आहे ते कळतं. मी बाहेर वर्तमानपत्र धरून बसायचो आणि काही ऐकू येत नसल्यासारखं पान उलटायचो.

काहीतरी करावं असं फार वाटत होतं. मी तिला म्हटलं, “मला काम दे.” तिला दया आली असणार. म्हणाली, “नकार छापून फाईलला लावा, बाबा.” आणि कंपनीच्या ईमेलची चावी तिनं माझ्या हातात दिली.

आता इथे माझी बाजू ऐकून घ्या. प्रत्येक नकाराची भाषा अशी: “आपली कल्पना आम्हाला भावली. तथापि, तूर्त विचार करता येणार नाही.” भिंगरी यात ‘नाही’ वाचायची. मी ‘तूर्त’ वाचलं. आमच्या कार्यालयात तूर्त विचार करता येत नाही म्हणजे फाईल जिवंत आहे, फक्त ढिगाच्या तळाशी आहे, तिला हलवा. हलवायचं कसं? स्मरणपत्रानं. पहिल्या स्मरणपत्राला कुणी विचारत नाही, दुसऱ्याला चिडतात, तिसऱ्याला मंजुरी मिळते. मी स्वतः अशा तीन विहिरी मंजूर करून घेतल्या आहेत, त्यातल्या दोन विहिरींना पाणीही आहे. आणि इथे तर एकाही पत्राला या पोरांनी उत्तर दिलेलं नव्हतं! तेवीस पत्रं अनुत्तरित! मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मी नवी वही आणली, रेघा मारल्या, जावक क्रमांक घालायला सुरुवात केली. रोज दुपारी, आत नळ चालू असताना, बाहेर मी स्मरणपत्रं पाठवत होतो. पोरांना कळवलं नाही. मंजुरी आल्यावर एकदम कळवणार होतो.

सतराव्या नकारवाल्यांना तिसरं स्मरणपत्र गेलं, जावक क्रमांक एक्केचाळीस. त्याला मी वस्तुस्थितीदर्शक टिपण जोडलं. खात्याला वस्तुस्थिती पूर्ण कळली पाहिजे, काहीही लपवलं तर फाईल उलटते, हा नियम. एकूण पाच बाबी होत्या. पहिली, चकती चालते. दुसरी, विमावाल्यांचं दार बसवून झालं आहे. तिसरी, मुख्याध्यापिकाबाईंची चकती कुंडीखाली असल्यानं ती आकडेवारीत धरू नये. चौथी आणि पाचवी पुढे येतीलच.

आणि खरंच आठ दिवसांत बोलावणं आलं! “प्रत्यक्ष भेटायला आवडेल.” भिंगरी खुर्चीतून उठली. उठली म्हणजे कशी, त्या जुन्या तऱ्हेनं, निम्मी खुर्ची पाडून. लांबूनं दिव्याला सपशेल धडक दिली. मी शांतपणे फाईलची नाडी बांधत होतो. ही मला स्वयंपाकघरात म्हणाली, “अहो, चेहरा का असा फुगलाय तुमचा?” मी म्हटलं, “कळेल.”

भेटीला मीही गेलो. ज्येष्ठ नागरिक म्हणून नमुन्यादाखल बसतो, असं सांगितलं. अकराव्या मजल्यावर काचेची खोली होती. आत बसलेला माणूस बाहेरच्या सगळ्यांना दिसत होता, आणि झाकायला माझ्याकडे एक फाईल तेवढी होती. समोर गुंतवणूकवाल्या बाई, साधारण माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या. बोलायला चांगल्या होत्या. त्यांनी चकती हातात घेतली, उलटीपालटी केली.

“हे नक्की कुणासाठी आहे?”

“एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी,” भिंगरी म्हणाली.

“ती मागतात का हे?”

भिंगरीनं लांबूकडे पाहिलं. लांबूनं चकतीकडे पाहिलं. मला मुख्याध्यापिकाबाईंची कुंडी आठवली.

“तुम्ही दोघं कधी घरापासून लांब राहिलायत?” बाईंनी विचारलं.

“नाही,” दोघं म्हणाली.

“हं. मी खरं सांगते, पैशाचा निर्णय बदललेला नाही. पण दहा वर्षांत आमच्या नकाराला कुणी उत्तर पाठवलं नव्हतं. हे टिपण ज्यांनी लिहिलं त्यांना एकदा भेटावं असं वाटलं.” आणि त्यांनी माझं पत्र काढलं. “यातली चौथी बाब वाचून मी त्या दिवशी दुसरं काही काम करू शकले नाही.”

“कसलं टिपण?” भिंगरी म्हणाली.

बाईंना वाटलं, इतक्या दिवसांत तिला घरी सगळं सांगितलं गेलं असणार. त्यांनी चष्मा लावला आणि वाचलं. “बाब क्रमांक चार. संस्थापिका दररोज दुपारी दोन ते अडीच या वेळेत नळ सोडून रडतात. घरच्यांना ऐकू येत नाही, असा त्यांचा समज आहे. सबब विलंब टाळावा.”

मला थांबवायला हवं होतं. पण माझा मसुदा एवढ्या मोठ्या खोलीत कुणी पहिल्यांदाच वाचत होतं, आणि मी, देवा, मान किंचित ताठ केली होती.

“बाब क्रमांक पाच. सहसंस्थापक यांनी अन्यत्र नोकरीसाठी मुलाखत दिली असून, ही बाब संस्थापिकेस अद्याप अवगत नाही.”

लांबूची ती गोष्ट त्याच्या आईनं भाजीच्या दुकानात हिला सांगितली होती, कुणाला सांगू नका असं बजावून. हिनं मला सांगितली, तसंच बजावून. मी कुणाला सांगितली नव्हती, फक्त लिहिली होती.

भिंगरीनं हात पुढे करून कागद घेतला, खालपर्यंत वाचला, नीट घडी करून बाईंना परत दिला. “थँक यू,” म्हणाली. बाई काहीतरी बोलत होत्या, माफी मागत होत्या बहुतेक. आम्ही तिघं बाहेर पडलो.

अकरा मजले उतरायला लिफ्टला फार वेळ लागतो. आम्ही तिघंही दारावरचे आकडे बघत उभे होतो.

“खरं आहे?” भिंगरीनं आकड्यांनाच विचारलं.

“मी सांगणारच होतो,” लांबू म्हणाला.

“कधी?”

सातव्या मजल्यावर एक गृहस्थ मोठं खोकं घेऊन आत आले. “खालीच ना?” त्यांनी विचारलं. खोकं मध्ये आल्यामुळे मला उरलेले सात मजले तिचा चेहरा दिसला नाही, आणि मी त्या खोक्याचे उपकार मानले. खाली उतरल्यावर लांबू माझ्यासमोर वाकला. तिथे दिवा नव्हता. “येतो, काका,” म्हणाला आणि गेला.

घरी आल्यावर ती माझ्याशी एकदाच बोलली.

“माझं रडणं तुम्ही जावक केलंत, बाबा.”

“अगं, नाव नव्हतं घातलं मी. ‘संस्थापिका’ म्हटलं होतं.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. आता ओरडेल, म्हणेल काहीतरी, अशी मी वाट पाहत होतो. ती आत गेली. त्या दिवशी नळ सोडला नाही तिनं. काही ऐकूही आलं नाही.

ती रडते हे मला कुणालातरी सांगायचं होतं, खरं एवढंच होतं. तिला सांगता येत नव्हतं. हिला सांगितलं असतं तर हीही रडली असती, आणि घरात नळ दोनच. मला लिहिण्याची एकच पद्धत येते, आणि त्या पद्धतीत दुःखालाही क्रमांक पडतो. मी आयुष्यात लिहिलेलं ते सगळ्यात खरं पत्र होतं, आणि ते चुकीच्या पत्त्यावर गेलं.

कंपनी बंद करायला आम्ही पुन्हा त्याच खिडकीवर गेलो. म्हणजे जागा माझ्या नावावर, तिला माझी सही लागत होती म्हणून गेलो. बसमध्ये ती चार रांगा पुढे बसली. कारकून तोच. अर्जात ‘बंद करण्याचे कारण’ या रकान्यात तिनं लिहिलं होतं, ‘संपली’. त्यानं ते वाचलं, चष्मा कपाळावर नेला, मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं आता हा कारणाचा पुरावा मागणार. पण त्यानं मुकाट्यानं शिक्का मारला. कंपनी काढताना अकरा कागद कमी पडले होते, बंद करताना एकही कमी पडला नाही. मला उलट त्याचा राग आला. थोडं अडवायला हवं होतं त्यानं.

मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, मुलं नापास झाल्याशिवाय शिकत नाहीत. विमावाले म्हणाले, तरी मी आश्चर्य आहे असं लेखी दिलं होतं. लांबू त्या नोकरीवर रुजू झाला, आणि त्यानं भिंगरीला एक लांबलचक पत्र पाठवलं असं ही म्हणते. उत्तर गेलं की नाही ते मी विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं नाही.

भिंगरीला दूरच्या शहरात नोकरी लागली. जाताना तिनं उरलेल्या नऊ चकत्या खोक्यात भरून माळ्यावर टाकल्या आणि दहावी आमच्या किटलीखाली ठेवली. आईला म्हणाली, “माझ्या फोनला जोडलीये.” मला म्हणाली नाही. वाकून नमस्कार केला, पिशवी उचलली आणि गेली. दर रविवारी तिचा फोन येतो तो हिला. मी शेजारच्या खोलीत पान उलटत असतो. शेवटी ही मुद्दाम मोठ्यानं म्हणते, “हो, हो, सांगते बाबांना.” काय सांगायचं असतं ते मला कधी कळलेलं नाही.

निवृत्त झाल्यापासून आमच्याकडे सकाळची किटली मी उचलतो. सहा वाजून दहा मिनिटांनी. भिंगरीला ते माहीत आहे. वहीत अजून बरीच पानं कोरी होती, म्हणून मी रोज नोंद करायला लागलो: जावक, ‘उठले’. समोर आवक: निरंक. असे चार महिने निरंक.

गेल्या महिन्यात एका पहाटे इमारतीची वीज गेली. मी आणि विमावाले खाली मीटरपाशी उभे राहून वीजवाल्या माणसाला त्याचं काम शिकवत होतो. सहा पंचवीसला माझ्या खिशातला फोन वाजला. माझा. हिचा नव्हे.

“बाबा?”

मी फोन कानाला घट्ट धरला. विमावाले माझ्या हातातली विजेरी काढून घेऊन हळूच बाजूला झाले, ते एक त्यांनी चांगलं केलं.

“बाबा, बोला ना. किटली का नाही उचलली?”

“वीज गेलीये गं. सगळ्या इमारतीची. मी खाली आहे.”

“बरे आहात ना?”

“बरा आहे. आईही बरी आहे. झोपलीये.”

“मी सहा दहापासून फोन हातात घेऊन बसले होते.” तिचा श्वास ऐकू येत होता, जिना चढून आल्यासारखा. “बाबा, त्या बाईंनी विचारलं होतं ना, हे नक्की कुणासाठी आहे म्हणून? आम्ही सगळ्यांना म्हाताऱ्यांसाठी, म्हाताऱ्यांसाठी सांगत राहिलो. तिथेच चुकलं.”

“मग कुणासाठी?”

“ठेवते,” म्हणाली. “ऑफिसला उशीर होतोय.”

त्या दिवशी आवकच्या रकान्यात मी वेळ लिहिली. विषय काय लिहावा ते सुचलं नाही, तो कोरा आहे.

तेव्हापासून रोज सकाळी मी किटलीसमोर उभा राहतो. सहा वाजून आठ मिनिटं होतात, नऊ होतात. फोन माझ्या खिशात असतो. आज किटली उचलली नाही तर पंधरा मिनिटांत तो वाजेल, आणि “बाबा?” असं ऐकू येईल, हे मला पक्कं ठाऊक आहे. एवढा मोह मला आयुष्यात कशाचा पडलेला नाही. पण तिकडे एक मुलगी फोन हातात घेऊन बसलेली असते. सहा वाजून दहा मिनिटांनी मी किटली उचलतो, आणि वहीत लिहितो: जावक, ‘उठले’. आवक, निरंक.